घर्षणाचे माप

कर्जतहून लोणावळ्याकडे निघालेली आगगाडी बोरघाट चढू लागली, म्हणजे तिला मागून ढकलण्यासाठी आणखी इंजिने जोडतात. तुमच्यापैकी काहींनी हे दृश्य प्रत्यक्ष पाहिले असेल. घाटातील हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा आहे; म्हणजे ३७ मीटर पुढे गेले, की एक मीटर वर जावे लागते. पायी चालणाऱ्याला हा चढ काहीच वाटणार नाही. तुमच्या गावच्या टेकडीवरील पायवाट याहून कितीतरी उभी असेल. परंतु आगगाडीला तो चढताना जड जातो आणि उतरताना तर त्याहून अधिक जपावे लागते.

असे का व्हावे? पोलादी रुळांवर पोलादी चाके अत्यंत सहजपणे फिरतात. गाडीच्या वजनाचे हजार भाग कल्पिले, तर सपाट मार्गावर चालती गाडी सावकाश ओढत ठेवण्यास त्यांतील दोन-तीन भागांएवढा जोर पुरतो. घाटाचा उतार मात्र त्याच गाडीला हजारांतील सुमारे सत्तावीस भागांएवढ्या जोराने खाली खेचीत असतो. तेव्हा तिला कोणी आवरले नाही, तर ती क्षणोक्षणी अधिक वेगाने धावत सुटेल. गाडी अनावर झालीच, तर तिला बाजूला वळवून चढावर नेणारे फाटे घाटात मुद्दाम बांधलेले आहेत. पण ती वेळ येऊ नये, यासाठी गाडीला ब्रेक असतात. ब्रेकचे ठोकळे काही गाड्यांत थेट चाकावर दाबले जातात, तर काहींत चाकाच्या आसावर बसविलेल्या चकतीवर. ठोकळा एका पदार्थाचा, चाक दुसऱ्या पदार्थाचे. या दोन पदार्थांच्या घासण्यावर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून असतात.

दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकू लागले, की त्या सरकण्याला जो विरोध होतो, त्यालाच आपण घर्षण म्हणतो. हे घर्षण कधी आपला मित्र असते, तर कधी शत्रू. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात ते घर्षण कमी व्हावे म्हणून. आणि निसरड्या वाटेवर माती पसरतात ती घर्षण वाढावे म्हणून. एकाच आगगाडीत आसाशी घर्षण कमी हवे असते आणि ब्रेकशी अधिक हवे असते. परंतु 'कमी' आणि 'अधिक' एवढ्या शब्दांनी यंत्र बांधणाऱ्याचे भागत नाही. दुकानदाराने "तांदूळ पुष्कळ देतो" असे म्हटलेले आपणांस चालते काय? आपण तो मोजून घेतो. त्याचप्रमाणे घर्षणही मोजूनच घ्यावे लागते. ते कसे मोजतात, हे आता पाहू.

समजा, एका आडव्या लोखंडी पत्र्यावर दोन किलोग्रॅम वजनाचा लाकडी ठोकळा ठेवला आहे. ठोकळ्याला दोरी बांधून ती ताणकाट्याच्या आकड्यात अडकवा आणि काटा सावकाश, पत्र्याला समांतर ओढा. प्रथम काट्यावरील आकडा वाढत जाईल. पण ठोकळा हलणार नाही. मग एका क्षणी तो निसटेल. निसटण्याच्या त्या क्षणी काट्याने आठशे ग्रॅम दाखविले असे समजू. ठोकळा पत्र्याला दोन हजार ग्रॅमांनी दाबत होता आणि तो हलविण्यास आठशे ग्रॅमांची ओढ लागली. आठशेला दोन हजारांनी भागले, की ०.४ हा आकडा मिळतो. या आकड्याला घर्षणगुणांक असे नाव आहे. ठोकळा सरकू लागल्यावर त्याला तसाच सरकत ठेवण्यास बहुधा थोडी कमी ओढ पुरते. म्हणून हलण्यापूर्वीच्या घर्षणास स्थितिक घर्षण आणि हलत असतानाच्या घर्षणास गतिक घर्षण असे म्हणतात. जड कपाट सरकविताना पहिला धक्का सर्वांत जोराचा का द्यावा लागतो, हे आता तुमच्या ध्यानी येईल.

ताणकाटा जवळ नसला, तरीही अडत नाही. पत्रा एका फळीवर ठोका, त्यावर ठोकळा ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलत जा. ठोकळा घसरू लागला, की थांबा. आता फळीचे उचललेले टोक जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. तसेच त्या टोकाच्या बरोबर खाली ओळंबा सोडून, ओळंब्यापासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचे आडवे अंतर मोजा. उंचीला त्या अंतराने भागले, की घर्षणगुणांक मिळतो. उंची ३२ सेंटिमीटर आणि अंतर ८० सेंटिमीटर असेल, तर उत्तर ०.४ येईल. येथे ठोकळ्याचे वजन कोठेच विचारात घेतलेले नाही, याचे तुम्हांस नवल वाटेल. त्याचे कारण सोपे आहे. उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याच्या वजनाचा काही हिस्सा त्याला खाली ओढतो आणि काही हिस्सा त्याला फळीवर दाबतो. या दोन हिश्शांचे प्रमाण उंची आणि आडवे अंतर यांच्या प्रमाणाएवढेच असते. ठोकळा दुप्पट जड केला, तर दोन्ही हिस्से दुप्पट होतात आणि त्यांचे प्रमाण होते तेच राहते.

आज ही रीत तुम्हांला दोन परिच्छेदांत समजली. पण ती समजण्यास माणसाला फार काळ लागला. इटलीतील थोर चित्रकार लिओनार्दो दा विंची याने सुमारे पाचशे वर्षांपूर्वी आपल्या टिपणवह्यांत घर्षणाच्या प्रयोगांची चित्रे काढून ठेवली होती. गुळगुळीत पृष्ठभागांवरील घर्षण वजनाच्या एकचतुर्थांश असते, असा त्याचा निष्कर्ष होता. या वह्या दीर्घकाळ अप्रकाशित राहिल्या. पुढे १६९९ साली गिओम आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपले प्रयोग मांडले. लहानपणीच बहिरेपण आलेल्या या माणसाने दोन महत्त्वाच्या गोष्टी दाखवून दिल्या. भार वाढला, की त्याच प्रमाणात घर्षण वाढते ही पहिली. घासणाऱ्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ लहान असो वा मोठे, घर्षणात फरक पडत नाही ही दुसरी. विटेसारखा ठोकळा आडवा ठेवून ओढा किंवा उभ्या अरुंद बाजूवर ठेवून ओढा, काटा सारखाच आकडा दाखवितो. आमोंतों यांनी आणखी एक विधान केले. लोखंड, तांबे, शिसे, लाकूड यांपैकी कोणतीही जोडी घेतली, तरी घर्षण भाराच्या सुमारे एकतृतीयांशच असते, असे त्यांस आढळले होते. हे विधान मात्र तुम्हांला विचित्र वाटेल. लाकडाचे आणि लोखंडाचे घर्षण एकच कसे असू शकेल? हे कोडे सध्या बाजूला ठेवू. त्याकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी शार्ल कूलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने हे काम हाती घेतले. विजेच्या भाराच्या मापाला आज याच कूलोम यांचे नाव दिलेले आहे. फ्रान्सच्या नौदलाला त्या काळी मोठी अडचण होती. गलबते लाकडाची आणि अवजड असत. गोदीतील उतरत्या ओंडक्यांवरून ती पाण्यात सोडावी लागत. घर्षण अपेक्षेहून जास्त झाले, तर गलबत मध्येच अडून बसे. कप्प्या आणि दोर ओढण्याची चाके यांच्याही घर्षणाचा नीट हिशेब कोणाजवळ नव्हता. म्हणून अकादमीने या विषयावर बक्षीस लावले. कूलोम यांनी रोशफोर येथील गोदीत प्रयोग केले आणि १७८१ साली ते बक्षीस मिळविले.

त्यांची रीत आपल्या ठोकळ्याच्या रीतीसारखीच होती. एका भक्कम बाकावर एक पदार्थ बसवायचा. दुसरा पदार्थ वजने लादलेल्या घसरगाडीच्या तळाला लावायचा. घसरगाडीची दोरी कप्पीवरून खाली सोडून तिच्या टोकाला पारडे बांधायचे आणि घसरगाडी हलेपर्यंत पारड्यात वजने टाकीत राहायचे. परंतु कूलोम एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी ओक लाकडावर ओक, लोखंडावर पितळ, लाकडावर धातू अशा निरनिराळ्या जोड्या घेतल्या. कोरड्या आणि वंगण लावलेल्या पृष्ठभागांची मापे वेगवेगळी नोंदविली. भार बदलला, वेग बदलला, आणि घसरगाडी एका जागी किती वेळ उभी होती तेही टिपून ठेवले. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. लाकडावर लाकूड ठेवले, तर काही मिनिटांपर्यंत घर्षण वाढत जाते आणि मग स्थिरावते. धातूवर धातू ठेवला, तर थांबण्याच्या वेळेने फारसा फरक पडत नाही. पण लाकूड आणि धातू ही विजातीय जोडी असेल, तर घर्षण चार-चार, पाच-पाच दिवस हळूहळू वाढतच राहते! लाकडाचा एक नियम आणि धातूचा दुसरा नियम यांची सरासरी काढून हे उत्तर कोणालाही मिळाले नसते. घर्षण हा एकट्या पदार्थाचा गुण नाही, तो जोडीचा गुण आहे. "लोखंडाचे घर्षण किती?" हा प्रश्नच अपुरा आहे. "लोखंडाचे कशाशी?" असे विचारले पाहिजे.

कूलोम यांचे हे टिपण मी प्रथम वाचले, तेव्हा मला माझ्या शाळेतील एक प्रसंग आठवला. मी भाषेचा शिक्षक. परंतु एके वर्षी आमचे विज्ञानशिक्षक दीर्घ रजेवर गेले आणि त्यांचा सातवीचा तास मी घेऊ लागलो. घर्षणाच्या प्रयोगासाठी मी मुलांचे पाच गट केले. प्रत्येक गटाला एक लोखंडी पत्रा आणि एक किलोग्रॅम वजनाचा पितळी ठोकळा दिला. ताणकाटा शाळेत एकच होता. तो गटागटांतून फिरत होता. चार गटांनी आपले आकडे फळ्यावर लिहिले. ते सारे साडेतीनशे ते चारशे ग्रॅमांच्या दरम्यान होते. पाचव्या गटातील मुलीने मात्र लिहिले, "एकशे साठ."

मी तिला म्हणालो, "काटा नीट वाचला नाहीस. पुन्हा कर." तिने पुन्हा केले. पुन्हा एकशे साठच आले. मी काहीशा त्राग्याने म्हणालो, "चार गट चुकले आणि तू एकटी बरोबर, असे कसे होईल?" वर्ग हसला. ती मुलगी क्षणभर गप्प उभी राहिली. मग तिने खाली मान घालून विचारले, "सर, मग वहीत कोणता आकडा लिहू? काट्यावर दिसतो तो, की बाकीच्यांचा?"

तो प्रश्न ऐकून मी वरमलो. मी खुर्चीवरून उठलो आणि तिच्या बाकापाशी गेलो. ताणकाटा शून्यावर होता. ठोकळा तोच होता. मी पत्र्यावरून बोट फिरविले, आणि बोट किंचित तेलकट झाले. तो पत्रा शिवणयंत्राच्या खोलीतून आणलेला होता. त्यावर यंत्राच्या तेलाचा एक अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर होता. आम्ही पत्रा कोरड्या फडक्याने पुसला. तरी आकडा पुरता वाढला नाही. मग साबणाने पत्रा आणि ठोकळा दोन्ही धुतले, वाळविले आणि तिने पुन्हा काटा ओढला. तीनशे सत्तर ग्रॅम! मी त्या मुलीची वर्गासमोर क्षमा मागितली. तिच्या वहीत मी दोन्ही आकडे लिहावयास लावले आणि प्रत्येकासमोर पत्रा कसा होता तेही लिहावयास सांगितले. त्या दिवशी साऱ्या वर्गात खरे मापन तिनेच केले होते. तिने बाकीच्यांचा आकडा मुकाट्याने उतरवून घेतला असता, तर तेलाच्या त्या थराचा पत्ता आम्हांला कधीच लागला नसता.

आता आमोंतों यांचे कोडे सुटते. सर्व जोड्यांचे घर्षण त्यांना सारखेच का आढळले? कारण त्यांनी आपल्या पृष्ठभागांना चरबी लावलेली होती. दोन पदार्थांच्या मध्ये चरबीचा थर आला, की पदार्थांतील भेद पुष्कळसा झाकला जातो. त्यांचा काटा खोटे बोलत नव्हता. परंतु तो लोखंडाविषयी आणि लाकडाविषयी जितके सांगत होता, त्याहून अधिक चरबीविषयी सांगत होता.

पृष्ठभागावरील एवढासा थर इतका फरक का पाडतो, हे विसाव्या शतकात अधिक स्पष्ट झाले. केंब्रिज येथील बौडन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास केला आणि १९५० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. टाकी लावलेल्या जात्याच्या दोन तळ्या डोळ्यांपुढे आणा. त्या एकमेकींवर ठेवल्या, तर साऱ्या पृष्ठभागभर टेकत नाहीत. केवळ उंचवटे उंचवट्यांना टेकतात. आरशासारखा घासलेला धातूही सूक्ष्मदर्शकातून पाहिला, तर असाच उंचसखल दिसतो. म्हणून दोन धातू एकमेकांवर ठेवले, तरी त्यांचा खरा स्पर्श फार थोड्या जागी होतो. त्या टोकांवर सारा भार पडल्याने ती चेपतात आणि एकमेकांना चिकटतात. ही चिकटलेली टोके तोडण्यास जो जोर लागतो, तोच मुख्यत्वे घर्षण म्हणून आपल्याला जाणवतो. भार वाढविला, की अधिक टोके चेपतात आणि खऱ्या स्पर्शाची जागा वाढते. म्हणून घर्षणही वाढते. तेलाचा थर मध्ये आला, की टोके एकमेकांना भिडू शकत नाहीत. म्हणून घर्षण घटते.

यंत्रांत एकमेकांवर फिरणारे भाग बहुधा निरनिराळ्या धातूंचे का करतात, तेही यावरून कळेल. एकाच जातीचे धातू एकमेकांना अधिक घट्ट चिकटण्याचा संभव असतो. म्हणून पोलादी आसाभोवती काशाचे किंवा एखाद्या मऊ मिश्रधातूचे वेटोळे बसवितात. त्यामुळे आस मोकळेपणाने फिरतो. आणि झीज व्हायचीच, तर ती स्वस्त आणि सहज बदलता येणाऱ्या वेटोळ्याची होते, महागड्या आसाची होत नाही.

आता पुन्हा आगगाडीच्या ब्रेककडे वळू. वेग बदलला तरी घर्षणात फारसा फरक पडत नाही, असा कूलोम यांच्या प्रयोगांचा सर्वसाधारण निष्कर्ष होता. तो त्यांच्या बाकावरच्या मंद वेगांपुरता ठीक होता. पण वेगाने धावणाऱ्या गाडीला तो लागू पडेल काय? १८७८ साली इंग्लंडमध्ये कॅप्टन डग्लस गॅल्टन यांनी ब्रायटनच्या लोहमार्गावर प्रत्यक्ष धावत्या गाडीत मापे घेतली. हवेच्या ब्रेकचे जनक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी त्यासाठी मापनाची साधने तयार केली होती. चाकांच्या धावा पोलादाच्या आणि ब्रेकचे ठोकळे बिडाचे होते. गाडी जितकी वेगात, तितके ठोकळ्याचे आणि चाकाचे घर्षण कमी, असे मापनात दिसून आले. ताशी साठ मैल वेगाला ते मंद वेगातील घर्षणाच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी भरले. ठोकळा बराच वेळ दाबून धरला, तर ते आणखी घटत गेले. शिवाय ब्रेक फार दाबून चाक फिरायचेच थांबले आणि रुळावरून नुसते घसरू लागले, तर गाडीला आवरणारा जोर एकदम उतरतो, हेही सिद्ध झाले. म्हणजे जेव्हा घर्षणाची गरज सर्वाधिक, नेमके तेव्हाच ते दुबळे होते. केवळ पुस्तकातील नियमावर विसंबून ब्रेक बांधले असते, तर ते ऐन वेळी अपुरे पडले असते.

आजच्या प्रयोगशाळांत ताणकाट्याऐवजी अधिक सूक्ष्म यंत्रे आली आहेत. एका पदार्थाची चकती ठरावीक वेगाने फिरवितात, दुसऱ्या पदार्थाची खुंटी ठरावीक भाराने तिच्यावर टेकवितात आणि खुंटीवर येणारी ओढ तासन् तास अखंड नोंदवितात. पण प्रश्न तोच आहे: दाब किती आणि ओढ किती? त्या नोंदीच्या शेवटी केवळ एक आकडा लिहून शास्त्रज्ञ उठून जात नाही. दोन्ही पदार्थ कोणते, पृष्ठभाग किती घासलेला, कसा स्वच्छ केला, भार किती, वेग किती, उष्णता किती, हवेतील ओलावा किती, हे सारे तो त्या आकड्याशेजारी लिहितो. एवढे लिहिले नाही, तर त्या आकड्याला किंमत नाही.

मुलांनो, एखादी फळी, एक पत्रा आणि एक ठोकळा तुमच्या घरीही मिळेल. फळी उचलून पाहा. पत्रा कोरडा असताना, ओला असताना, त्यावर धूळ असताना आणि तेल असताना ठोकळा कोठे घसरतो ते मोजा. प्रत्येक माप तीनदा घ्या. तुमचा आकडा पुस्तकातील आकड्याशी जुळला नाही, तर लगेच तो खोडू नका आणि लगेच पुस्तकालाही खोटे ठरवू नका. आधी पत्र्यावरून एकदा बोट फिरवून पाहा. आणि वहीत लिहिताना काट्याने जे दाखविले तेच लिहा. घाट उतरणाऱ्या गाडीतील माणसे ज्या ब्रेकवर विसंबून निश्चिंत झोपलेली असतात, तो ब्रेक अशाच कोणीतरी प्रामाणिकपणे लिहिलेल्या आकड्यांवर उभा असतो.